टेपचा आवाज हवा, पण कुठल्या टेपचा?

माझा भाचा सिडकोत राहतो, ढोलपथकात ताशा वाजवतो आणि बेडरूममध्ये गादी भिंतीला टेकवून गाणी रेकॉर्ड करतो. परवा रविवारी मिसळ खाता खाता त्यानं विचारलं, "मामा, स्टुडर घेऊ की ॲम्पेक्स? दोन्ही सेलमध्ये आहेत." शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं असेल, पोरगं गाडीबिडी घेतंय. तो बोलत होता ते स्टुडर, ॲम्पेक्स अशा जुन्या टेप यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्लगिनबद्दल, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामबद्दल. मी म्हटलं, "तुला नेमकं काय ऐकू यायला हवंय?" तर म्हणे, "आजोबांच्या कॅसेटींत असतो ना, तसा आवाज. गरम."

घोळ इथंच आहे, आणि तो त्याच्या एकट्याचा नाही. आपल्याकडे टेप म्हणजे कॅसेट. टू-इन-वनमध्ये घालायची, अडकली की पेन्सिलीनं फिरवायची. परदेशी जाहिरातीत टेप म्हणतात ते वेगळंच जनावर. स्टुडर ए८०० या यंत्रात दोन इंच रुंदीची फीत असते, तिच्यावर चोवीस ट्रॅक, आणि ती सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटीमीटर धावते. फिलिप्सनं १९६३ साली आणलेल्या कॅसेटची फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. म्हणजे ३८ च्या आठवा हिस्सा. दोन्हींचा आवाज सारखा असेल ही अपेक्षाच चुकीची. प्लगिन निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नाही, आठवणीचा आहे: तुमच्या कानात कुठली टेप बसलीय?

हे नीट कळायला फितीवर काय घडतं ते थोडं पाहावं लागेल.

फीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. रेकॉर्डिंग हेड हा एक छोटा विद्युतचुंबक. आवाजाबरोबर त्याचं चुंबकत्व बदलतं आणि समोरून सरकणाऱ्या कणांवर तो ठसा उमटतो. अडचण अशी की हे कण हट्टी असतात. हलकासा धक्का दिला तर ढिम्म हलत नाहीत, जोरात दिला की एकदम वळतात, आणि धक्का काढला तरी पूर्ण मागे येत नाहीत. आधी काय झालं होतं ते त्यांना आठवतं. या हट्टाला हिस्टेरेसिस म्हणतात. बारीक आवाज त्यामुळे फाटका उमटतो. त्यावरचा उपाय चाळणीसारखा आहे. चाळणीत पीठ नुसतं ठेवलं तर पडत नाही, चाळणी हलती ठेवली की बारीकसं पीठही सुटतं. तसं मूळ आवाजात माणसाला ऐकू न येणारी, लाखभर हर्ट्झच्या आसपासची एक लहर मिसळतात. ती कणांना सतत हलतं ठेवते. हिचं नाव बायस. जर्मनीत मॅग्नेटोफोन १९३५ साली लोकांपुढे आला तेव्हा त्याचा आवाज बेताचाच होता. १९४० मध्ये तिथल्याच अभियंत्यांच्या हाती ही युक्ती लागली आणि टेप खऱ्या अर्थानं संगीताच्या कामाची झाली. प्लगिनवर बायस नावाचा खटका दिसला तर तो याचा. कमी केला की आवाज खरखरीत आणि चिडका, वाढवला की वरच्या पट्ट्या बोथट.

आता तो प्रसिद्ध गरमपणा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून सुटणारी सणासुदीची एसटी आठवा. पहिले पंचेचाळीस जण आरामात बसतात. पुढचे उभे राहतात, मग कोपरं लागायला लागतात, मग एकेक माणूस आत घ्यायला कंडक्टरला दुप्पट जोर लावावा लागतो. फितीवर कण मोजकेच, त्यामुळे आवाज जसजसा मोठा होतो तसतशी जागा कमी पडते आणि लाटेची टोकं हळूहळू गोल होतात. याला सॅच्युरेशन म्हणतात. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये दाटीवाटी नसतेच. मीटरवरच्या शून्यापर्यंत सगळे ऐसपैस, आणि शून्यावर धाडकन दार बंद. बाहेर राहिलेला भाग कापलाच जातो. तो कर्कश तडा सगळ्यांनी ऐकलाय.

लाट गोल झाली की मूळ स्वरात नसलेले नवे स्वर तयार होतात. टेप लाटेची वरची आणि खालची बाजू सारखीच दाबते, म्हणून हे नवे स्वर मुख्यतः विषम पटीचे: तिप्पट, पाचपट. आकडे सोडा, सुरात बघा. तुमचा सा २०० हर्ट्झचा धरला तर तिप्पट म्हणजे ६००, हा तार सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे १०००, त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. म्हणजे टेप सा या स्वराला पंचम आणि गंधाराची हलकी जोड देते, जी चांगला लागलेला तंबोरा स्वतःहून देत असतोच. एकट्या गळ्यावर किंवा तंबोऱ्यावर टेप का खुलते याचं निम्मं उत्तर इथं आहे. उरलेलं निम्मं कमी सुखाचं. दोन वेगळे स्वर एकाच वेळी दाबले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही स्वर जन्माला येतात, आणि ते सुरात बसतीलच असं नाही. पेटी, गळा, टाळ, पखवाज सगळं एकत्र करून वरून जोरात सॅच्युरेशन मारलं की जो चिखल होतो तो याच हिशोबाचा. थोडं थोडं प्रत्येक ट्रॅकवर द्यावं, शेवटच्या मिक्सवर अगदी चिमूटभर.

वेगाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि प्लगिनवर तिला एक छोटंसं बटण मिळतं. दहा हजार हर्ट्झची एक लाट कॅसेटवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत मावावी लागते. डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड. हेडमधली फट, तिच्यावर बसलेला मळ, फितीचं किंचित तिरकं धावणं, यातलं काहीही त्या लाटेला खायला पुरेसं आहे. तीच लाट ३८ च्या वेगाला ३८ मायक्रॉन लांब, म्हणजे पाय पसरायला जागा. म्हणून वेग वाढवला की वरच्या पट्ट्या स्वच्छ आणि सूं-सूं कमी. खालच्या बाजूला उलटीच गंमत. फार लांब लाटा हेडच्या आकाराशी जुळायला लागतात आणि एका जागी आवाजाला टेंगूळ येतं. इंग्रजीतही त्याला हेडचं टेंगूळच म्हणतात. ३८ च्या वेगाला ते साधारण ४० ते ८० हर्ट्झच्या मुलखात, वेग दुप्पट केला की एक सप्तक वर सरकतं. ढोलाचा घुमारा त्याच भागात राहतो. त्यामुळे नुसता वेग बदलून ढोल भरदार होऊ शकतो किंवा पोकळ, आणि लोक मात्र त्याचं श्रेय किंवा खापर यंत्राच्या नावावर फोडतात.

उरलेल्या खोडी दोन: फितीची सूं-सूं आणि वेगातली थरथर. हळू थरथरीला वॉव म्हणतात, जलद थरथरीला फ्लटर. यांबद्दल माझा स्वतःचा पराक्रम सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आमच्या भजनी मंडळाचं एक रेकॉर्डिंग मी घरी केलं होतं, अकरा ट्रॅक. नवं प्लगिन हाती आलेलं, त्यामुळे अकराच्या अकरा ट्रॅकवर लावलं आणि प्रत्येकाची सूं-सूं चालू ठेवली. म्हटलं, अस्सल वाटेल. अकरा ठिकाणची सूं-सूं एकत्र आली की ती दहा डेसिबलनं वाढते, म्हणजे कानाला जवळपास दुप्पट. अभंग सुरू व्हायच्या आधी गोदेला पूर आल्यासारखं ऐकू यायचं. ते तरी एका बटणानं गेलं. थरथर मात्र दोन दिवस सापडली नाही. पेटीवाले काका ऐकून म्हणाले, "तंबोरा उतरलाय." तंबोरा ठीक होता. पेटीवरच्या प्लगिनची थरथर एका लयीत चालली होती, तंबोऱ्यावरच्या प्लगिनची दुसऱ्या, आणि दोघांमध्ये सूर सतत घासत होता. खऱ्या यंत्रात हे होऊच शकत नाही. सगळे ट्रॅक एकाच फितीवर असतात, फीत लडखडली तर सगळे मिळून लडखडतात. वॉव-फ्लटर वापरायचंच असेल तर सगळ्यांच्या मिळून एका ठिकाणी वापरा, किंवा पूर्ण बंद ठेवा. शास्त्रीय गायनावर तर मी बंदच ठेवतो. ज्यांचं आयुष्य सूर लावण्यात गेलं त्यांना सॉफ्टवेअरनं हलवलेला षड्ज ऐकवू नये.

आता भाच्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कॅसेटी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात, टू-इन-वन ओट्यावर ठेवून केलेली भजनं. तो आवाज हवा असेल तर कुठलंही स्टुडर तो देणार नाही, कारण त्यात फितीचा वाटा निम्माही नाही. त्या यंत्रांत रेकॉर्डिंगची पातळी आपोआप राखणारं सर्किट असायचं. गाणारा थांबला की ते मागचा आवाज हळूहळू वर ओढायचं. नीट ऐकलं तर वडिलांच्या दोन ओळींच्या मधे आधी श्वास, मग पंखा, मग गल्लीतली सायकलची घंटा जवळ जवळ येत जाते, आणि पुढची ओळ सुरू होताच सगळं धपकन खाली बसतं. आठवणीतला गरमपणा म्हणतो तो पुष्कळसा हा आहे. जोडीला लहान स्पीकर, त्यामुळे खालचा आणि वरचा भाग गायब, आणि घासून सैल झालेला रबरी पट्टा. याची नक्कल करायची तर टेपच्या प्लगिनआधी सावकाश सुटणारा कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं प्लगिन) लावा, दोन्ही टोकं कापा, मग कॅसेटचं प्लगिन. कॅसेटसाठी वेव्हजफॅक्टरीचं कॅसेट आहे, त्यात फितीचे चारही प्रकार निवडता येतात. फुकटात हवं तर केलम ऑडिओचं टेप कॅसेट २ आहे. हे ऐकल्यावर भाच्याचा अर्धा बाजारहाट तिथंच संपला.

पण ताशाचं काय? त्याला मात्र खरी स्टुडिओची टेप लागते, आणि नाशिककरांना यात जास्त रस असणार म्हणून इथं जरा थांबतो. ताशाच्या काडीचा ठोका म्हणजे क्षणाचाही अंश. भाच्याच्या फाइलीत सरासरी आवाज डिजिटल मीटरवर उणे २२ डेसिबलला होता आणि ठोके उणे २ ला. वीस डेसिबलची दरी! ढोल वाढवायला जावं तर ताशा लाल दिव्यात जातो, ताशा सांभाळावा तर पथक लांबच्या चौकात वाजतंय असं वाटतं. कंप्रेसर लावला तर तो ठोका संपल्यावर जागा होतो आणि घुमाराच दाबतो. टेपला वाट बघावी लागत नाही. लाट वर गेली त्याच क्षणी तिचं टोक दाबलं जातं. त्यात वरच्या पट्ट्या फितीवर चढवताना मुद्दाम वाढवून चढवतात आणि वाजवताना तेवढ्याच उतरवतात, त्यामुळे चिरके आवाज इतरांच्या आधी दाटीत सापडतात. ताशाच्या ठोक्यांचे चारेक डेसिबल गेले तरी कानाला ठोका गेल्याचं कळलं नाही. काडीचा टोचरेपणा तेवढा गेला. ढोलाला मग वर यायला जागा मिळाली.

हे करताना त्याची एक चूक सापडली, आणि ती जवळजवळ प्रत्येकाची असते. त्यानं प्लगिनमध्ये आवाज किती जोरात जातोय हे पाहिलंच नव्हतं. बहुतेक प्लगिन असं धरून चालतात की डिजिटल मीटरवरचे उणे १८ म्हणजे जुन्या काट्याच्या मीटरवरचा शून्य. नेमका आकडा त्या त्या प्लगिनच्या माहितीपुस्तिकेत असतो. आपण घरी रेकॉर्ड करतो ते उणे ६ च्या घरात, म्हणजे प्लगिनच्या दृष्टीनं फितीवर आधीच बारा डेसिबल जास्त. मग लोक म्हणतात, हे प्लगिन घाण करतं. आधी पातळी उतरवा, मग खटका हळूहळू वाढवा. महागडं प्लगिन चुकीच्या पातळीवर वापरण्यापेक्षा फुकटचं बरोबर पातळीवर वापरलेलं केव्हाही सरस.

आणि तुलना करताना आवाज सारखा करा. प्लगिन लावलं की आवाज बहुधा जरासा वाढतो, आणि वाढलेला आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. बाहेर जाणारी पातळी उतरवून दोन्ही सारखे करा, डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला तरी बटण चालू-बंद करायला सांगा. कुठलं चालू आहे हे दहापैकी पाच-सहा वेळाच ओळखता आलं, तर पैसे खिशातच राहू द्या. आम्ही हा खेळ त्याच्या आईला बटणावर बसवून खेळलो. ती तिसऱ्या फेरीनंतर म्हणाली, "दोन्ही सारखंच ऐकू येतंय, जेवायला चला." माझ्या मते हा त्या प्लगिनचा सर्वांत प्रामाणिक रिव्ह्यू होता.

तरी निवड करायचीच असेल तर बाजारात काय आहे? फार खटके नको असतील तर सॉफ्टट्यूबचं टेप बरं: तीन यंत्रांमधून एक निवडायचं आणि एक मोठा खटका फिरवायचा. वेव्हजचं जे३७ हे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या चार ट्रॅकच्या स्टुडरवर बेतलेलं, त्यात तीन प्रकारच्या फिती आणि दोन वेग. युनिव्हर्सल ऑडिओचं ए८०० एकेका ट्रॅकवर लावण्यासाठी, त्यांचंच ॲम्पेक्स एटीआर-१०२ तयार मिक्सवर लावण्यासाठी. मूळ यंत्रंही याच कामांची होती. म्हणून "स्टुडर की ॲम्पेक्स" हा प्रश्न म्हणजे कढई की तवा असं विचारण्यासारखं आहे. यंत्र उघडून आतले स्क्रू फिरवायची हौस असेल तर यू-हीचं सॅटिन घ्या. बायस, हेडची फट, वेग, सगळं हाती लागतं. आणि चाउ टेप मॉडेल तर फुकटच आहे. जतिन चौधरी यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना ते सुरू केलं, सोनीच्या टीसी-२६० या घरगुती रीळ यंत्रावर बेतलं, आणि त्यात हिस्टेरेसिसचं गणित खरोखर सोडवलं जातं. एअरविंडोजचं टोटेपही फुकट. त्याला फिरणारी रिळं नाहीत, काटे नाहीत, नुसते खटके. चित्र नसलं की माणूस कानानं ऐकतो हा त्याचा मोठा गुण.

एक तांत्रिक दोष मात्र विकत घेण्याआधी तपासा. ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये २२ हजार हर्ट्झच्या वर काही मावत नाही. आता ९ हजाराच्या स्वराला सॅच्युरेशननं तिप्पट जोड दिली तर ती २७ हजारावर पडायला हवी. तिथं जागा नाही, म्हणून ती भिंतीवर आपटून परत येते आणि १७,१०० वर ऐकू येते, ज्याचा मूळ सुराशी काही संबंध नाही. टाळ, घुंगरू, ताशा यांच्यावर हा बेसूर काचेरी थर चटकन चढतो. याला उपाय म्हणजे ओव्हरसँपलिंग. प्लगिन आतल्या आत जास्त मोठ्या जागेत गणित करतं आणि मग नको ते गाळतं. तपासायला सोपं आहे. खालून वर चढत जाणारी शिट्टी प्लगिनमधून सोडा आणि व्हॉक्सेंगो स्पॅनसारख्या फुकट मीटरवर बघा. शिट्टी वर जाताना काही रेषा उलट खाली यायला लागल्या, तर ओव्हरसँपलिंग वाढवा किंवा दुसरं प्लगिन बघा. वाढवलं की संगणकाला घाम फुटतो आणि आवाज थोडा उशिरा येतो, म्हणून गाताना कानात हे प्लगिन नको. रेकॉर्डिंग आधी कोरडं, म्हणजे प्लगिनशिवाय करा, टेप नंतर. खोलीचा घुमणारा आवाज मात्र यातलं काहीच झाकत नाही, उलट उठावदार करतं. मे महिन्यात पंखा बंद करून गायला जिवावर येतं हे मान्य, पण तो बंदच लागतो.

ट्रायलचंही एक पथ्य आहे. दोन आठवड्यांची मुदत बहुधा इन्स्टॉल केल्या क्षणापासून मोजली जाते, आणि आपण उत्साहात टाकून मग गाणं शोधत बसतो. भाच्यानं दोन ट्रायल उतरवून ठेवल्यात, उघडलेल्या नाहीत. पथकाच्या तालमी सुरू झाल्या की मैदानावर दोन माईक उभे करायचे, एक ताशांच्या रांगेसमोर, एक ढोलांच्या मागे. रेकॉर्डिंग उणे १८ च्या आसपास ठेवायचं हे त्यानं माईकच्या खोक्यावरच मार्करनं लिहून ठेवलंय. सेल तोवर संपलेला असेल, पण हे सेल दर दोन महिन्यांनी पुन्हा उगवतात.